शैली आणि श्रम : व्हिक्टोरियन धाटणीच्या आधुनिक स्वयंपाकघराचा विचार

इंग्लंड व अमेरिका ह्या देशांत गेल्या सुमारे पन्नास वर्षांत गृहशोभनाच्या क्षेत्रात एक प्रवृत्ती चांगलीच रुजली आहे. घर आजचे, त्यातील वीज, गॅस, फ्रीज, भांडी धुण्याचे यंत्र ही साधनेही आजचीच. परंतु स्वयंपाकघराचे दर्शनी रूप मात्र एकोणिसाव्या शतकातले असावे, असा यजमानाचा आग्रह असतो. ह्या आग्रहापोटी कपाटांना कोरीव कंगोरे येतात, खणांना पितळी मुठी लागतात, नळाखाली पांढऱ्या चकाकीचे खोल कुंड बसते, फ्रीजला ओकच्या लाकडाचे दार मिळते आणि विजेची शेगडी ओतीव लोखंडी चुलीचा वेष धारण करते. ह्या सर्वांस 'व्हिक्टोरियन शैली' असे नाव आहे. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळाची. एवढ्या दीर्घ अवधीत इंग्लंडातील स्वयंपाकघर कितीदा पालटले, ह्याची चौकशी न करता हे एकच नाव सर्वत्र योजले जाते.

विद्यापीठीय चर्चेच्या दृष्टीने हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि शैलीचा प्रश्न जेथे उपस्थित होतो तेथे समीक्षेला प्रवेश आहे. ऐतिहासिक कादंबरीतील गतकाळ पात्रांच्या अंगरख्यांत व पगड्यांत असतो की त्यांच्या मनोव्यापारांत असतो, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. तोच प्रश्न एखाद्या खोलीसंबंधीही विचारता येतो. खोलीचा काळ तिच्या नक्षीत असतो, की ती खोली कोण, कोणासाठी व कशा रीतीने वापरीत असे ह्यात असतो? प्रस्तुत प्रवृत्ती पहिला पक्ष गृहीत धरून चालते. तो पक्ष कितपत टिकतो हे पाहण्यासाठी मूळ वस्तूकडे वळणे अवश्य आहे.

व्हिक्टोरियन काळातील संपन्न घरात 'स्वयंपाकघर' ही एक खोली नव्हती, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. रॉबर्ट कर ह्या वास्तुतज्ज्ञाचा 'द जंटलमन्स हाउस' हा ग्रंथ १८६४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सभ्य गृहस्थाच्या घराची जी योजना सांगितली आहे तिच्यात स्वयंपाकाची खोली वेगळी, भांडी घासण्याची व भाज्या धुण्याची खोली वेगळी, मांसाची कोठी वेगळी, कोरड्या जिनसांची कोठी वेगळी, दुधाची खोली वेगळी, असा पसारा आढळतो. कॉर्नवॉलमधील लॅनहायड्रॉक येथील वाडा १८८१ च्या आगीनंतर पुन्हा बांधण्यात आला; तेथील स्वयंपाकाचा विभाग आज जसाच्या तसा पाहता येतो. मुख्य स्वयंपाकघराभोवती भटारखाना, पिठाच्या पदार्थांची खोली, मासळीची कोठी, मांसाची कोठी आणि दुग्धशाळा अशा खोल्यांची रांगच आहे. दुग्धशाळेतील फळ्या दगडाच्या असून टेकडीवरून आणलेले गार पाणी कडेच्या पन्हळींतून खेळविलेले आहे. फ्रीजचे काम येथे दगड, पाणी आणि खोलीची दिशा ह्यांनी केले आहे. आजच्या व्हिक्टोरियन धाटणीच्या स्वयंपाकघरात जे पांढरे कुंड मोठ्या कौतुकाने खिडकीखाली मांडतात, ते मूळ रचनेत पुष्कळदा स्वयंपाकघरात नसेच. ते पलीकडच्या धुण्याच्या खोलीत असे, आणि त्या खोलीत घरची मालकीण सहसा पाऊल टाकीत नसे.

हा पसारा केवळ सोयीसाठी नव्हता. करच्या ग्रंथाचे मुख्य सूत्र एकांत हे आहे. कुटुंबाची बाजू व नोकरांची बाजू ह्या परस्परांना दिसू नयेत आणि ऐकू येऊ नयेत, स्वयंपाकाचा वास दिवाणखान्यापर्यंत पोचू नये, ह्यासाठी बोळ, दारे आणि जिने ह्यांची सर्व जुळणी केलेली आहे. म्हणजे स्वयंपाकघर हा घराचा असा भाग होता की, तो पाहुण्यांना दाखवावयाचा नव्हताच. इसाबेला बीटनच्या १८६१ साली ग्रंथरूपाने निघालेल्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्था-ग्रंथात स्वयंपाकघराची तुलना प्रयोगशाळेशी केली आहे, दिवाणखान्याशी नव्हे. आणि त्याच ग्रंथात कोणत्या उत्पन्नाच्या कुटुंबाने किती नोकर ठेवावेत व त्यांना काय वेतन द्यावे ह्याचे कोष्टकही आहे. ज्या ग्रंथात पाककृती आणि चाकरांचे वेतन एकाच दमात येतात, त्यावरून त्या खोलीचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

लहान घरात एवढ्या खोल्या अर्थातच नसत. पण तत्त्व तेच राही. लंडनमधील चेल्सी भागात टॉमस कार्लाइल व जेन कार्लाइल हे दांपत्य १८३४ पासून ज्या घरात राहिले, ते घर १८९५ पासून लोकांना पाहण्यास खुले आहे. त्यातील स्वयंपाकघर तळघरात आहे. स्वयंपाक, धुणे, भांडी हे सर्व काम करणारी एकच मोलकरीण तेथे असे आणि ती रात्री त्याच स्वयंपाकघरात झोपत असे. वरच्या मजल्यावर इंग्रजी गद्याचा एक धुरंधर लेखक गोंगाटाला कंटाळून माळ्यावर अभ्यासिका बांधून घेत होता, त्या वेळी खाली ही खोली एका बाईचे कामाचे स्थान आणि शयनगृह अशी दोन्ही होती. १८५१ च्या जनगणनेनुसार ब्रिटनमध्ये घरकामगारांची संख्या दहा लाखांहून अधिक होती व शेतीच्या खालोखाल हाच व्यवसाय मोठा होता. तेव्हा कार्लाइल ह्यांचे घर अपवाद नव्हे, नमुना होय.

आता चुलीचा विचार करावा, कारण ह्या शैलीचे दैवत चूलच आहे. ओतीव लोखंडाची बंद चूल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आली. लेमिंग्टन गावच्या फ्लेव्हेल ह्या कारखानदाराची चूल १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात मांडलेली होती व तिला पदकही मिळाले होते. ही चूल रोज पहाटे पेटवावी लागे. त्यापूर्वी आदल्या दिवसाची राख काढणे, धुराडी व झडपा झाडणे, पोलादी कडा घासणे आणि सर्व लोखंडाला काळ्या शिशाचा लेप देऊन ब्रशाने चकाकी आणणे ही कामे आटोपावी लागत. हॅना कलविक (१८३३–१९०९) ह्या मोलकरणीच्या रोजनिशा १९८४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आर्थर मन्बी ह्या गृहस्थाच्या सांगण्यावरून त्या लिहिलेल्या असल्यामुळे त्यांचा उपयोग सावधपणे केला पाहिजे, हे खरे. परंतु शेगड्यांना काळा लेप देणे, सुऱ्या व जोडे घासणे, पायऱ्या धुणे ह्यांची जी दिवसामागून दिवस नोंद त्यांत आहे, तिच्यासारखा दुसरा पुरावा दुर्मीळ आहे. लोखंडाची ती काळी चकाकी आज 'व्हिक्टोरियन' म्हणून विकत मिळते. तेव्हा ती रोज निर्माण करावी लागे. दोन्हींत दिसणारे रूप एक आहे. पण आजची चकाकी हा पृष्ठभागाचा गुण आहे आणि तेव्हाची चकाकी ही कोणाची तरी सकाळ होती.

ह्या मूळ वस्तूच्या संदर्भात आधुनिक अनुकृतीचे परीक्षण केले असता पहिली गोष्ट आढळते ती अशी की, तिचा आराखडा व्हिक्टोरियन नाहीच. भिंतीला लागून सलग ओटा, ओट्याखाली व वर बंद कपाटे, धुण्याची, चिरण्याची व शिजविण्याची जागा एका ओळीत किंवा काटकोनात, ही सर्व मांडणी विसाव्या शतकाची आहे. तिचा प्रसिद्ध आदर्श म्हणजे मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की ह्या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी स्त्रीने १९२६ साली फ्रँकफुर्ट नगरातील नव्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर. रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी सुमारे ३.४ मीटर, अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. कारखान्यातील कामगारांच्या हालचाली मोजण्याचे जे शास्त्र अमेरिकेत निघाले होते, ते क्रिस्टीन फ्रेडरिक हिने घरकामाला लावले होते. त्याच विचाराचा हा वास्तुरूप परिपाक होता. नोकर नसलेल्या घरात गृहिणीची पावले वाचावीत, हा त्यामागील हेतू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे स्वयंपाकघर जगभर पसरले त्यावर ह्या खोलीची छाप आहे, आणि व्हिक्टोरियन धाटणीचे स्वयंपाकघरही तिच्याच वंशातले आहे. कंगोरे काढले, मुठी बदलल्या, दारे सपाट केली की खालून फ्रँकफुर्ट प्रकट होते.

येथे एक गमतीचा तपशील नोंदविण्याजोगा आहे. इंग्लंडातील अनेक जुन्या वाड्यांच्या स्वयंपाकघरांच्या भिंती निळ्या असत, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असा समज होता. फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरातील कपाटांना निळसर हिरवा रंग दिला गेला, त्याचेही कारण माश्यांविषयीची हीच समजूत असल्याचे सांगतात. प्रयोजनाच्या पातळीवर परंपरा अशी सहज चालू राहते. उलट व्हिक्टोरियन शैलीचे म्हणून जे तपशील आज मान्यता पावले आहेत, त्यांतील कित्येकांची कुळकथा निराळीच आहे. अमेरिकेत विटांच्या आकाराच्या ज्या पांढऱ्या फरशा ह्या शैलीसाठी हमखास सुचविल्या जातात, त्यांना 'सबवे' हे नाव १९०४ साली सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेवरून पडले. त्या वेळी राणी निवर्तून तीन वर्षे झाली होती. 'आगा' ह्या नावाची जी भक्कम, मुलामा दिलेली चूल इंग्लंडातील जुन्या ग्रामीण घराचे प्रतीक मानली जाते, ती १९२२ साली स्वीडनमध्ये जन्मली. तिचा निर्माता गुस्ताफ डालेन हा १९१२ चा पदार्थविज्ञानाचा नोबेल पारितोषिक-विजेता. त्याच वर्षी स्फोटात त्याची दृष्टी गेली. घरी बसल्यावर, चुलीपाशी पत्नीला किती वेळ राबावे लागते हे ध्यानी आल्याने त्याने ही योजना केली, असे सांगितले जाते. ही चूल ब्रिटनमध्ये १९२९ साली आली आणि तिच्या विक्रेत्यांसाठी १९३५ साली मार्गदर्शिका लिहिणारा डेव्हिड ओगिल्व्ही पुढे जाहिरातव्यवसायातील मोठे नाव झाला. थोडक्यात, श्रम वाचविण्यासाठी काढलेले एक स्वीडिश यंत्र आज इंग्रजी गतकाळाची खूण म्हणून उभे आहे. ह्यात कोणाची फसवणूक झाली असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्याला 'काळ' म्हणून विकले जाते तो किती सैल कल्पनांचा गाठोडा आहे, हे ह्यावरून कळते.

तथापि कालविपर्यासाचे दोष मोजणे हे समीक्षेचे मुख्य काम नव्हे. ओकच्या दारामागे फ्रीज दडविणे हे कलादृष्ट्या योग्य की अयोग्य, हा खरा प्रश्न आहे. आणि ह्या प्रश्नावर निकाल देण्यासाठी विसाव्या शतकातील आधुनिकतावाद्यांना पाचारण करण्याची आवश्यकता नाही. व्हिक्टोरियन काळानेच तो दिलेला आहे. ऑगस्टस पुजिन ह्याने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, इमारतीत सोय, बांधणी किंवा औचित्य ह्यांसाठी आवश्यक नाही असे काहीही नसावे, आणि अलंकरण म्हणजे मूळ बांधणीचीच समृद्धी असावी. शेफील्ड व बर्मिंगहॅम येथील कारखानदार दौतीला बुरुजाचा आकार देतात, ह्याची त्याने यथेच्छ टवाळी केली आहे. जॉन रस्किनने १८४९ साली 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' ह्या ग्रंथात सत्याचा दीप लावताना तीन प्रकारच्या वंचना निषिद्ध ठरविल्या : खोटा आधार दाखविणे, एका द्रव्यावर दुसऱ्याचा रंग चढविणे, आणि हाताने घडविल्याचा भास निर्माण करणारे साच्यातले किंवा यंत्रावरचे अलंकार वापरणे. आजच्या धाटणीदार स्वयंपाकघरात ह्या तिन्ही वंचना एका भिंतीवर सापडतात. ओट्याच्या खाली काहीही भार न पेलणारे कोरीव आधार असतात, लाकडाच्या भुश्याच्या फळीवर ओकचा पातळ पापुद्रा असतो आणि कंगोरे यंत्रावर कापलेले असतात. हेन्री कोलने १८५२ साली लंडनच्या मार्लबरो हाउसमध्ये सदोष अभिरुचीच्या वस्तूंचे जे दालन मांडले होते आणि कारखानदारांच्या तक्रारींमुळे जे लवकरच गुंडाळावे लागले, त्यात ह्या फ्रीजला मानाची जागा मिळाली असती.

चार्ल्स ईस्टलेक ह्याची गोष्ट तर ह्या विषयाची पूर्वसूचनाच म्हणावी लागेल. १८६८ च्या 'हिंट्स ऑन हाउसहोल्ड टेस्ट' ह्या त्याच्या ग्रंथाने साध्या, प्रामाणिक जोडकामाच्या सामानाचा पुरस्कार केला. अमेरिकेत हा ग्रंथ लोकप्रिय झाला. आणि तेथील कारखान्यांनी यंत्रावर कोरलेले भरघोस नक्षीचे सामान 'ईस्टलेक शैली' म्हणून बाजारात आणले. ईस्टलेकने नापसंती व्यक्त केली, पण शैलीचे नाव चालूच राहिले. एखादा विचार बाजारात शिरला की त्याचे मत गळून पडते आणि पृष्ठभाग उरतो, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे विचारात घेतले पाहिजे. व्हिक्टोरियन लोक स्वतःच पराकोटीचे अनुकरणप्रिय होते. त्यांनी रेल्वेच्या स्थानकांना गॉथिक मनोरे लावले, बँकांना ग्रीक खांब लावले. मग त्यांचे अनुकरण करणाऱ्याला अनुकरणाबद्दल दोष का द्यावा? हा आक्षेप बिनतोड वाटतो, परंतु स्वयंपाकघरापाशी तो लंगडा पडतो. दिवाणखान्यात मध्ययुग मिरविणारा व्हिक्टोरियन यजमान स्वयंपाकघरात मात्र ज्याची ऐपत असेल ते नवे यंत्र आणी आणि ते झाकीत नसे. नॉर्थम्बरलंडमधील क्रॅगसाइड हा वाडा नॉर्मन शॉने विल्यम आर्मस्ट्राँग ह्या अभियंत्यासाठी जुन्या इंग्रजी धाटणीत उभा केला. बाहेरून तो शेकडो वर्षांपूर्वीचा वाटावा असा आहे. आत मात्र जलशक्तीपासून निर्माण केलेल्या विजेचे दिवे १८७८ पासून लागू लागले आणि स्वयंपाकघरात मांस भाजण्याची सळई व सामानाची उचलयारी पाण्याच्या दाबावर चालत. लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये आलेक्सी सोये ह्या बल्लवाचार्याने १८४० च्या सुमारास जे स्वयंपाकघर सजविले त्यात गॅसच्या शेगड्या होत्या, आणि त्या पाहण्यासाठी प्रतिष्ठित लोकांची रीघ लागे. तेथे प्रेक्षणीय होते ते नवे यंत्र. त्याहून जुने उदाहरण ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनचे. तेथील प्रचंड स्वयंपाकघरात जॉन नॅशने छप्पर पेलणाऱ्या लोखंडी खांबांच्या शिरावर तांब्याच्या ताडपत्रांचे झुपके बसविले. विलासाची ही हौस हास्यास्पद म्हणता येईल. पण खांब खरोखरीच छप्पर पेलतो आणि ताडाचे झाड शोभेसाठी आहे हे कोणापासून लपविलेले नाही. पुजिनला ती रुचली नसती, एवढे मात्र निश्चित.

तेव्हा जे खऱ्या अर्थाने व्हिक्टोरियन वृत्तीचे स्वयंपाकघर असेल, त्यात फ्रीज उघडा, चकचकीत आणि मध्यभागी असेल. हे विधान विनोदाचे वाटले तरी तर्काने टाळता येण्याजोगे नाही.

क्षेमेंद्राने काव्याच्या प्रत्येक अंगाची कसोटी औचित्य ही सांगितली. अलंकार स्वतः सुंदर की असुंदर हा प्रश्न त्याच्या विवेचनात गौण आहे. तो कोठे आणि कशासाठी बसला आहे, हा मुख्य. ह्या कसोटीने पाहता प्रस्तुत शैलीचा दोष कंगोऱ्यांत नाही. दोष असा की, हे अलंकार ज्या खोलीतून आणले, ती दुसरीच आहे. कोरीव कंगोरे, गडद लाकूड, झुंबर, रंगीत काच ही सामग्री व्हिक्टोरियन दिवाणखान्याची आणि भोजनगृहाची. स्वयंपाकघराला चुन्याच्या भिंती, दगडी जमीन, पाइनचे घासून पांढरे झालेले मेज आणि उघड्या फडताळांवर रांगेने लावलेली तांब्याची भांडी एवढेच होते. म्हणजे आजचे 'व्हिक्टोरियन स्वयंपाकघर' हे वस्तुतः फ्रँकफुर्टच्या आराखड्यावर चढविलेला मालकाचा दिवाणखाना आहे. नोकराची खोली त्यात कोठेच नाही.

ह्या वगळण्याचा अर्थ काय करावा? एक अर्थ सरळ आहे. आज त्या घरात स्वयंपाक मालक किंवा मालकीण स्वतः करते. ज्या खोलीत स्वतः उभे राहावयाचे ती दिवाणखान्याइतकी प्रतिष्ठित असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तीत निंद्य असे काही नाही. किंबहुना स्वयंपाकाला मिळालेला हा मान विसाव्या शतकातील सामाजिक परिवर्तनाचे एक चांगले फळ मानता येईल. परंतु ह्या मानाला आधार म्हणून जो इतिहास पुढे केला जातो, त्यात ह्या कामाला मान कधीच नव्हता. 'पूर्वी स्वयंपाकघर हे घराचे हृदय होते' असे वाक्य ह्या शैलीच्या पुरस्कर्त्यांच्या तोंडी वरचेवर येते. करच्या आराखड्यात हे हृदय कुटुंबापासून जितके दूर नेता येईल तितके नेलेले आहे. २०१० ते २०१५ ह्या काळात गाजलेल्या 'डाउनटन ॲबी' ह्या दूरचित्रवाणी-मालिकेने नोकरांचे स्वयंपाकघर कोट्यवधी प्रेक्षकांना उबदार भासविले. मालिकेतील वाडा खराखुरा असला, तरी ते स्वयंपाकघर ईलिंग स्टुडिओतील नेपथ्य होते. नेपथ्यात राख काढावी लागत नाही.

असे असले तरी ह्या ओढीला काही खरे कारण आहे, हे मान्य न करणे अन्यायाचे होईल. फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरात एकच व्यक्ती मावे. तिची पावले वाचली, पण ती एकटी पडली. मुलांवर नजर ठेवणे कठीण झाले, आणि कोणी मदतीस यावे म्हटले तर त्याला उभे राहण्यास जागा नव्हती. जुन्या स्वयंपाकघरात मध्यभागी मोठे मेज असे व त्याभोवती चौघीजणी काम करू शकत. त्या मेजाची आठवण ही खोटी आठवण नव्हे. टेरेन्स कॉनरनचे 'द किचन बुक' १९७७ साली आले. पुढे १९८० च्या दशकात जॉनी ग्रे ह्या अभिकल्पकाने भिंतीला जखडलेल्या कपाटांऐवजी सुटे मेज, सुटी फडताळे आणि कोठीची वेगळी खोली ह्यांवर आधारलेली योजना इंग्लंडात पुढे मांडली. ह्या योजनेत जुन्या स्वयंपाकघरापासून नक्षी घेतलेली नाही, रचनेचे तत्त्व घेतले आहे. उत्तरेकडच्या भिंतीला लागून एक थंड कोठी काढणे आणि तीत दगडाची फळी बसविणे हे शंभर कोरीव आधारांपेक्षा अधिक व्हिक्टोरियन आहे, आणि त्यात वीजही वाचते. ग्रेच्या अनुयायांनी पुढे ह्याचीही एक विक्रेय शैली केली, हे निराळे.

ह्याहूनही योग्य असा एक पूर्वादर्श व्हिक्टोरियन काळातच उपलब्ध आहे, आणि तो सहसा कोणी हाती घेत नाही. कॅथरिन बीचर व तिची भगिनी हॅरिएट बीचर स्टो ह्यांनी १८६९ साली 'द अमेरिकन वुमन्स होम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात नोकरांवर अवलंबून नसलेल्या घरासाठी स्वयंपाकघराचा आराखडा आहे : खिडकीखाली धुण्याची जागा, तिला लागून कामाची सलग फळी, पिठाची व जिनसांची पात्रे हाताशी, आणि उष्णता बाजूस राहावी म्हणून चूल वेगळ्या कप्प्यात. जहाजावरील आटोपशीर भटारखान्याचे उदाहरण लेखिकांच्या डोळ्यांपुढे होते. ज्याला नोकराविना चालणारे, स्वतः काम करण्याचे आणि तरीही अस्सल एकोणिसाव्या शतकातील स्वयंपाकघर हवे असेल, त्याला ह्यापेक्षा उत्तम आधार मिळणार नाही. पण ह्या आराखड्यात कंगोरे नाहीत. म्हणूनच, असे म्हणावे लागते, तो शैली म्हणून गणला गेला नाही.

करची योजना समुद्र ओलांडून महाराष्ट्रातही आली होती, ह्याचा उल्लेख येथे करणे अप्रस्तुत होणार नाही. पुणे व अन्य छावण्यांतील साहेबी बंगल्यांत बबर्चीखाना मुख्य इमारतीपासून अलग, आवाराच्या मागील बाजूस असे. धूर, वास आणि चाकर ह्यांना एकाच अंतरावर ठेवण्याची ही युक्ती होती. मराठी वाड्यातील स्वयंपाकघराची गोष्ट ह्याहून वेगळी. तेही आत, मागे आणि अंधारे असे, परंतु तेथे बहुधा घरचीच स्त्री राबत असे व सोवळ्याओवळ्याच्या नियमांनी ती खोली इतरांना बंद असे. आज वाड्याच्या धाटणीचे म्हणून जे स्वयंपाकघर सजविले जाते त्यात पितळी भांडी फळीवर मांडलेली दिसतात, पाटा-वरवंटा कोपऱ्यात शोभेला ठेवलेला असतो; स्वयंपाक मात्र उभ्याने, ओट्यावर होतो. जमिनीवर बसून धुरात फुंकणी घालणारी बाई व्हिक्टोरियन मोलकरणीप्रमाणेच ह्या चित्रातून नाहीशी झालेली आहे. अशा वस्तू पुण्याच्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयातही आहेत. पण तेथे त्या वापरातून निघालेल्या वस्तू म्हणूनच समोर येतात.

वेल्समधील एर्डिग ह्या वाड्याचे उदाहरण ह्या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. यॉर्क घराण्याने आपल्या नोकरांची चित्रे काढवून घेऊन भिंतींवर लावण्याची प्रथा अठराव्या शतकापासून पाळली होती. १९७३ साली हा वाडा नॅशनल ट्रस्टकडे आला आणि १९७७ साली लोकांना खुला झाला, तेव्हा प्रेक्षकांचा प्रवेश दर्शनी दारातून न ठेवता कामाच्या आवारांतून व नोकरांच्या बाजूने ठेवण्यात आला. ह्या एका निर्णयाने स्वयंपाकघराचा अर्थ पालटतो. दिवाणखाना त्यानंतर दिसतो आणि त्याची किंमत किती जणांनी भरली हे प्रेक्षकाला तोवर कळलेले असते.

खाजगी घरात अर्थातच असे काही करणे शक्य नाही. तेथे सध्या निराळेच घडत आहे. अमेरिकेतील मोठ्या नव्या घरांत दर्शनी स्वयंपाकघराच्या मागे दुसरे लहान स्वयंपाकघर बांधण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे, आणि त्याला 'स्कलरी' हे भांडी घासण्याच्या खोलीचे जुनेच नाव देतात. खरकटी भांडी, आवाज करणारी यंत्रे आणि पसारा ह्या मागच्या खोलीत जातो. पुढच्या खोलीत कंगोरे, पितळी मुठी आणि पाहुणे असतात. दोहोंच्या मध्ये एक दार असते, आणि ते बंद ठेवण्याचा प्रघात आहे.